बैठकीच्या पाटीवरचा बाण

प्रिय रूपा,

मंगळवारी दारू सोडणाऱ्यांची बैठक शोधत उस्मानपुऱ्यात गेलो. कोपऱ्यावरच्या पाटीवरचा बाण बघून डावीकडं वळलो, तर पुढं पिठाची गिरणी. गिरणीवाला म्हणाला, "बैठक उजवीकडं हाय, काका. पाटीच चुकलीय. लई लोक इथूनच माघारी जातात."

मागं येऊन पाटी निरखली. 'बैठक'मधल्या 'ठ'चा असा नेमका गोल फक्त माझ्या हातून येतो.

आठवतं? तू दोरीचं टोक धरायचीस, मी खडूची रेघ मारायचो. संध्याकाळी तुझ्या बांगड्यांनाही रंग लागलेला असायचा. सहा वर्षांपूर्वी ही पाटी रंगवताना तू म्हणालीस, "अहो, त्यांनी दिलेल्या कागदावर बाण उजवीकडं हाय." मी प्यालेला. "कुणाकडं न शिकता पेंटर झालो. तू शिकवणार मला?"

मंगळवारी मग उजवीकडं गेलो. नाव सांगितलं, बसलो.

आज दारूविना नववा दिवस. पिशोरला, तुझ्या माहेरी, तुला याआधी तीन पत्रं टाकली, तिन्हींत दारू सुटल्याचं लिहिलं होतं. म्हणून हे टाकत नाही.

काल शिडी लावून बाण दुरुस्त केला. रेघ सरळ आली. दोरीचं दुसरं टोक खिळ्याला बांधलं होतं.

तुझाच,
साहेबराव