आईचे डोळे, मुलाचा नंबर

मंगळवार, १८ नोव्हेंबर

डोकं अजून तापलेलंच आहे. आज हौसामावशींनी मला चहा ओतला तो कपाच्या बाहेर, माझ्या शिबिराच्या रजिस्टरवर. त्यांना दिसलंच नाही.

जूनमध्ये शाळेत शुगरच्या पेशंटचं शिबिर झालं, तेव्हा फोनला भिंग लावून त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो मीच काढून तपासायला पाठवले होते. विचारलं, "मावशी, मोठ्या दवाखान्यात गेला नाहीत?" तर म्हणाल्या, "कशाला? तूच म्हणलीस, काय निघालं तर कळवत्याल. कुणी कळवलं न्हाई, मंजी डोळं चांगलं हायती."

त्यांच्या मुलाला फोन लावला. तो कोइमतूरला गलाईच्या दुकानात सोनं गाळतो. म्हणाला, "व्हय, आलता मेसेज. इंग्लिशमधी व्हता. मला वाटलं जाहिरात हाय." त्यानं तो मला पाठवला. पडद्यावर रक्त आलंय, लगेच दाखवा, ही जाहिरात? आरोग्य केंद्रातल्या साहेबांना विचारलं, तर म्हणे मेसेज गेलाय, आपलं काम झालं. कसलं काम झालं? डोळे कुणाचे आणि कळवलं कुणाला?

उद्या पहिल्या एसटीनं मावशींना सांगलीला नेणार. माझी रजा मांडायची तर मांडा.

घरी येऊन चहानं भिजलेलं रजिस्टर वाळत घातलं, तर नेमकं जूनच्या शिबिराचं पान वर आलं. बायकांच्या नावांपुढे मुलाचा नंबर, दिराचा, जावयाचा. मावशींच्या कमरेच्या पिशवीत बटणांचा फोन असतो. तो नंबर मी विचारलासुद्धा नव्हता.

पानावरचं अक्षर सगळं माझं आहे.