साहेबांचा घास

३ मार्च, सोमवार

ऑपरेशन करावंच लागणार! डॉक्टरांनी पोटावर बोट दाबलं आणि मी टेबलावरून उडालोच. हर्निया. "काय उचलता एवढं?" म्हणाले. मुलाला उचलतो, म्हटलं. बारा वर्षांचा आहे. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून परत. ते म्हणाले, "आता टाळलंत तर एक दिवस धावपळ करत आणावं लागेल तुम्हाला. आणि नंतर दोन महिने त्याला उचलायचं नाही."

उचलायला कुणीतरी मिळेल हो. भरवणार कोण? आमचे साहेब बोलत नाहीत, चालत नाहीत, त्यांचे हात त्यांचं ऐकत नाहीत — पण तोंड मात्र स्वतःच्या मर्जीचं! त्याची आई गेल्यापासून माझ्याशिवाय कुणाच्या हातचा घास आत गेलेला नाही. मागे मी तापानं पडलो तेव्हा माझी सख्खी बहीण येऊन राहिली. तिनं हात टेकले. नुसतं पाणी, तेही अर्धं थुंकून. मी इस्पितळात पडून राहिलो तर हा उपाशी राहणार. पोटात गोळा आलाय. एक डॉक्टरांनी दाबला तो, आणि एक हा.

५ मार्च

'सोबत' नावाच्या केंद्रात जाऊन आलो. आमचं घर म्हणजेच माझं शिंपीकामाचं दुकान, तिथून दोन गल्ल्या पलीकडे. इतकी वर्षं पाटी वाचतोय, पायरी कधी चढलो नव्हतो. आत अशाच मुलांच्या आया, एक आजोबा, चहाची किटली, पट्ट्यांच्या खुर्च्या. यांची माणसं घरी येऊन मुलाजवळ थांबतात — तासभर, दिवसभर, लागेल तसं.

मी रडगाणं सुरू केलं, तर एकाही तोंडातून "अरेरे" नाही! उलट आजोबांनी विचारलं, "डावीकडून भरवता की उजवीकडून?" किती वर्षांनी कुणी कामाचं काही विचारलं! घरी येईपर्यंत मी मोठ्यानं उत्तरं देत होतो. लोक बघत होते. बघू देत.

७ मार्च

केंद्रानं सोबतीला एक बाई पाठवल्या! पूर्वी बसमध्ये कंडक्टर होत्या. आवाज असा, की गिऱ्हाईक दारातच थबकलं. म्हटलं, आली का पंचाईत! साहेबांना मोठा आवाज चालत नाही. पण आत आल्या, साहेबांसमोर फरशीवर बसल्या आणि एकदम चूप. गालाला हात नाही, लाडिक बोलणं नाही. "मी आठवडाभर नुसती बघणार," एवढंच हळू म्हणाल्या.

बघा बापड्या.

११ मार्च

नुसत्या बघतात. मी काजं करतो, बघतात. भरवतो, बघतात. या बाईला कंटाळा कसा येत नाही?

१४ मार्च, शुक्रवार

आज कमालच! आम्ही दोघांनी साहेबांना पलंगावर ठेवलं आणि बाई स्वतः त्यांच्या खुर्चीत बसल्या. बसल्या म्हणजे — मावल्या. खुर्ची कुरकुरली, पण टिकली. पट्टे बांधून घेतले. "आता मी साहेब. भरवा." केंद्राची पद्धत आहे म्हणे. सोबतीला येणाऱ्यानं आधी आईबापाच्या हातचं जेवायचं. तसल्याच चमच्यानं, हात न हलवता.

लाज वाटली, पण भरवलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही चमचा खालच्या ओठावर टेकवून थांबता. ठाऊक आहे?" नव्हतं ठाऊक!

मग उलट. मी खुर्चीत, त्या भरवणार. नियम एकच — बोलायचं नाही. पहिला घास मोठा आला. मला पाणी हवं होतं. सांगणार कसं? डोळे वटारले, मान हलवली, शेवटी "ऊं ऊं" केलं. तिकडे साहेब पलंगावर खिदळताहेत! बापाची फजिती म्हणजे काय, मेजवानीच! बाई थांबल्या. घाई नाही, अंदाज नाही. चमचा खाली ठेवला, माझ्या डोळ्यांत बघत भाताकडे बोट केलं. मग पाण्याकडे. पाण्यावर मी डोळे मिटले.

मिळालं पाणी. दोन घोट असतील. पण न बोलता मागितलेले! या माणसांना हे असं शिकवायचं सुचलं कुणाला? त्याच्या पाया पडावंसं वाटतं.

१७ मार्च

आज तालीम. जेवायच्या वेळी मी बाहेर, घरात फक्त बाई आणि साहेब. मी कोपऱ्यावरच्या बाकावर जीव मुठीत धरून. परत आलो तर वाटी भरलेली. "आज गाडी सुटली नाही," बाई म्हणाल्या.

१८ मार्च

आजही नाही. चमचा ओठावर टेकवून झाला, थांबून झालं, सगळं हुबेहूब माझ्यासारखं. ओठ घट्ट. मी म्हटलं, सोमवारचं ऑपरेशन पुढे ढकलतो. बाई उखडल्या. "तुम्हीच आडवे झालात तर काय पुढे ढकलणार?" फटकळ आहे बाई. खरं बोलते म्हणून जास्त झोंबतं.

२० मार्च

जमलं! जमलं!! जमलं!!!

मी बाहेर होतो. साहेबांचा संप चालूच. बाई वैतागून माझ्या शिलाई मशीनवर जाऊन बसल्या. लहानपणी शिवण शिकल्या होत्या म्हणे. खडखड खडखड चालवलं. दोरा तुटला म्हणून थांबल्या. वळून बघतात तर काय — साहेबांनी आ वासलेला!

मी आल्यावर करून दाखवलं. मशीन चालू, तोंड बंद. मशीन थांबलं, तोंड उघडं. अरे देवा! मी रोज शिवता शिवता उठून भरवतो. मशीन थांबलं की जेवण, हे साहेबांचं घड्याळ. मी घरात नाही तर मशीन चालणार नाही. चाललंच नाही तर थांबणार कुठून? जेवायची वेळच होत नव्हती बिचाऱ्याची! आणि मी फुशारक्या मारत फिरतोय, की त्याला माझाच हात लागतो. खोटं कशाला लिहू — जरा लागलं मनाला. मग हसलो. पोट धरून. शब्दशः.

एकच घोटाळा. मशीनवर गिऱ्हाइकाची पँट होती. बाईंनी तिचा एक पाय शिवून बंद केला. मी उसवत बसलो असतानाच गिऱ्हाईक हजर. "मास्तर, हे काय?" म्हटलं, साहेबांचं जेवण. डोकं खाजवत गेलं.

२४ मार्च, सोमवार

झालं ऑपरेशन. बाईंचा फोन — "वाटी चाटून साफ." मागे साहेबांचा ओरडा. तो मी ओळखतो, पोट भरल्याचा आहे.

२६ मार्च

टाके दुखतात. हसलो की जास्त, आणि बाई फोनवर हसवतात. रात्री केंद्रातले ते आजोबा साहेबांजवळ झोपतात. घोरतात म्हणे, आणि साहेब त्यावर खूश! ना नातं, ना गोतं. कोण कुठली माणसं ही! बहिणीला सांगितलं तर तिला पटेना. "फुकट कोण करतं एवढं?" अगं, येऊन बघ.

२९ मार्च, शनिवार

घरी आलो. साहेब मला बघून किंचाळले, हात झाडले. म्हटलं, आज मीच भरवतो. हातानं चाक फिरवून मशीन चालवलं, थांबवलं, चमचा ओठावर टेकवला. तोंड बंद! मान दाराकडे. बाईंची वाट बघत होते. त्या आल्या तेव्हा कुठे आ केला — आणि वाटी संपवली.

भिंतीकडे तोंड करून रडलो. आनंदानं. त्याची आई गेल्यापासून देवाकडे रोज एकच मागत आलो, याला माझ्याआधी एक दिवस ने. आज ते मागणं मागे घेतलं.