आईच्या उठण्या-बसण्याची तजवीज

घडले ते असे.

१. गेल्या वर्षी आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली.
२. फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला दुसऱ्याच दिवशी उभे केले. चार महिन्यांनी ती हात न टेकता तीस सेकंदांत अकरा वेळा खुर्चीतून उठत होती. वय एकाहत्तर.
३. मी एका कारखान्याच्या कामासाठी अकरा आठवडे बाहेरगावी गेले.
४. दादा आणि वहिनीने व्यायाम बंद केला. पलंगाखाली भांडे आणि उशाशी घंटी ठेवली.
५. मी परतले तेव्हा आई दोनदा उठली. तिसऱ्यांदा नाही.

मी, वय एकतीस, अविवाहित, यंत्रांची कंपने मोजणारी अभियंता, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. वीस तारखेला माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि रागावलेली आहे. मला तपासणाऱ्या डॉक्टरांना दोन्ही गोष्टी दिसल्या. त्यांनी हरकत घेतली नाही.

घर. हे घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते पूर्णपणे आईला द्यावे. दादाचे कुटुंब आईची इच्छा असेल तोवर तिथे राहील. ‘आईची इच्छा’ म्हणजे आईने तोंडाने सांगितलेली. दादाने ओळखलेली नव्हे.

कारण मी परतले त्या दुपारचे बोलणे मला शब्दशः आठवते.

“तिनं जन्मभर कष्ट केलेत. आता तरी बसू दे की तिला!” दादा म्हणाला.

“बसू दे ना. पण उठूही दे.”

“माणूस आहे ती, तुझं यंत्र नाही.”

“यंत्र तरी बरं. बंद ठेवलं की गंजतं हे सगळ्यांना कळतं.”

वहिनी दारातून म्हणाली, “म्हातारीला कवायत करायला लावतात म्हणून नावं मलाच ठेवतील लोक. तुम्हाला कोण बोलणार, वन्सं!”

आणि पलंगावरून आई: “मला विचारा की कुणीतरी! दोघांनी मिळून गाठोडं बांधलंय माझं. शिंकले तरी धावत येतात.”

मी विचारले. आई म्हणाली, “मला संडासाला एकटीला जायचंय. आणि आतून कडी लावायचीय.”

दादाच्या मायेबद्दल मला शंका नाही. तो रोज रात्रपाळीहून आला की आधी तिचे पाय चेपून द्यायचा. राग त्या मायेचाच जास्त येतो. दुष्टपणाशी भांडता येते.

सायकल आणि पोहण्याचे सामान. दादाच्या मुलीला, वय नऊ. तिचा घोटा मुरगळला तेव्हा डॉक्टरांनी तीन आठवडे खेळ बंद ठेवायला सांगितले होते. ती मुदत गेल्या महिन्यात संपली. तारीख मी पाहिली आहे. तरी ती खेळाच्या तासाला वर्गात बसते.

हे मला नवे नाही. मी सात वर्षांची असताना डॉक्टरांनी लिहून दिले होते: सहा आठवडे खेळ नको. दादाचे अक्षर चांगले, म्हणून दर वर्षी शाळा उघडली की तो त्या चिठ्ठीची नक्कल करायचा. तारीख नवी घालायचा आणि ‘सहा आठवडे’ गाळायचा. नऊ वर्षे मी मैदानाच्या कडेला बसून इतर मुलींच्या चपला राखल्या. बाविसाव्या वर्षी हृदयाच्या डॉक्टरांनी विचारले, “चालायला, पोहायला तुम्हाला अडवलं कुणी?” झडप जन्मापासूनच सदोष आहे, पोहून ती सुधारली नाही. पण त्यानंतर नऊ वर्षे नियमित हालचाल ठेवल्यामुळे मी लवकर उठून चालेन, असे आताच्या सर्जनना वाटते. खात्री कोणी देत नाही. मीही मागितली नाही.

हत्यारे. कंपनमापक माझ्या कारखान्यातल्या सहकारी अभियंत्याला. पान्यांचा संचही दादाच्या मुलीलाच. सांडशी वहिनीकडे आहे ती तिच्याकडेच राहू दे.

आरामखुर्ची दादाने आईसाठी आणली. ती माझी नाही, त्यामुळे मला ती कोणाला देता येत नाही. मोडताही येत नाही.

व्यायाम. बाहेरगावी जाताना मी हे तोंडी सांगितले होते. ती माझी चूक. आता लेखी: सकाळ-संध्याकाळ खुर्चीतून दहा वेळा उठणे, ओटा धरून दहा वेळा टाचा उचलणे, खोलीपासून गॅलरीपर्यंत चार फेऱ्या. सोबतच्याने बाजूला चालावे, हात ओढू नये. दुखले तर थांबावे. दया आली म्हणून थांबू नये. पाच आठवड्यांत आई दोनवरून सातवर आली आहे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी फिजिओथेरपिस्ट बाई करतील. त्यांची संमती घेतली आहे.

साक्षीदार: १. शेजारचे निवृत्त पोस्टमन, वय ७९. तीन जिने चढून आले. (सही)
२. कारखान्यातली वेल्डर मैत्रीण. (सही)

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल. दिनांक: ११.
(सही)

दादा, शस्त्रक्रियेनंतर आठ आठवडे मला आईला आधार देता येणार नाही. वर लिहिले आहे ते तू रोज करून घेशील का? नसशील तर एकोणीस तारखेपासून बाईंच्या केंद्रात तिच्यासाठी खोली सांगून ठेवली आहे. आई तयार आहे. हो किंवा नाही, एवढेच गुरुवार, अठरा तारखेपर्यंत मला लेखी कळव.