बोंबलातलं ऊन

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मनालीच्या पेपरावरची ती लाल फुली डोळ्यांपुढून हलत नाही. सातवीला विचारलं होतं, सौरऊर्जेच्या रूपांतराचं उदाहरण द्या. तिने लिहिलं, 'ऊन बोंबलात जातं, बोंबील आईत, मग आई मासळीची पाटी घेऊन सातपाटी गावभर फिरते.' मी फुली मारली. वाळवताना उन्हाने बोंबलातलं पाणी जातं, ऊर्जा येत नाही, हे वर्गासमोर ऐकवलंही. मुलं हसली.

आज तिची आई माझ्या दारात पाटी उतरवत म्हणाली, "बाई, आमच्या मनालीचं ऊन चुकलं म्हनं? आता शालेत जायाचं नाय बोलते."

"चुकलं नाही गं," तोंडातून निघून गेलं, आणि मग खरंच उमगलं. बोंबील जे खाऊन वाढतो, ते मुळात उन्हावरच पोसलेलं. ऊन आधीच, समुद्रात असतानाच आत शिरलेलं. मला कसं सुचलं नाही?

मी शिकले त्या कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर चुकल्या की फळ्यावर स्वतःच्या नावापुढे फुली काढत. किती सहज!

"उद्या पाठव तिला. माझ्या नावापुढे फुली काढायचीय."

"तुमच्या? मंग मी पन येते बघायला!"

येऊ दे. खडू मनालीच्याच हातात देईन.