ताईला जीपमधून आणलं

सोमवार, १२ जानेवारी १९८७
सेलू

आज पाथरीहून ताईला बाळंतपणासाठी घरी आणलं. पहिलंच हाय, सातवा लागलाय. दाजी म्हणत होते एसटीनं न्या, पण मीच हट्टानं मामाची जीप नेली. एवढी मोठी गाडी, चारी चाकं ओढणारी, ताई आरामात येईल असं वाटलं. कुठलं काय! रस्ताभर तिचा हात पोटाखाली होता. एकदा तरी विचारलं का मी? न्हाई. मी आपला बोरं कुठं गोड लागतात ते सांगत होतो.

बांगड्यांच्या गल्लीत शिरलो अन् सवयीनं हॉर्न दाबला. मामानं जीप घेतली चिखलाच्या रानासाठी, मी मात्र मिरवायला रोज या बोळीत घालतो. हुसेनाचाचीला दरवेळी बांगड्यांची मांडणी उचलावी लागते. आजबी ओरडली, "ए नवाब! गल्ली हाय ही, तुझ्या मामाचं रान न्हाई!"

मग तिला ताईचा तो पोटाखालचा हात दिसला. हिरव्या बांगड्या घेऊन जीपपाशी आली, ताईला बसल्या जागीच भरायला लागली. "धक्के लय बसले का गं, बेटी?"

"न्हाई चाची. भाऊ लय हळू चालवतो."

माझ्याकडं बघितलंबी न्हाई ताईनं. जीप मागं घेऊन चौकात लावली, ताईला उतरवलं. घरापर्यंत तिच्याच चालीनं चालत गेलो. हॉर्न न वाजवता सगळी गल्ली बाजूला होत होती.