एक मात्रा आधी

२ नोव्हें., रविवार
सकाळी चारूचा फोन. सु. गेल्यापासून चारूचा फोन आला की मी आधी पाणी पितो, मग उचलतो. "भावोजी, नाटकाचा नारळ फुटला. आता तरी या."
नाटक यांच्या 'फुलबाज्या' ग्रुपच्या गाण्यांवरचं. चारू, सु. आणि विद्या, जी आता परदेशात असते. कॅसेटच्या काळात काही वर्षं फार चालल्या तिघी. त्याच गाण्यांच्या मधे मधे गोष्ट घातली आहे. सु.च्या वतीने परवानगी नवरा म्हणून मीच दिली होती. जायचं कबूल केलं नव्हतं.

५ नोव्हें.
गेलो. नाहूरहून घाटकोपर, पुढे मेट्रो. अंधेरीला एमआयडीसीत एका बंद कारखान्याच्या माडीवर तालीम. दिग्दर्शक निनाद, संगीतही त्याचंच. चांगला आहे, पाया पडला. सु.चं काम करणारी आर्या विचारत होती, काकू स्टेजवर कशा उभ्या राहायच्या? मी म्हटलं, सरळ.
"सरळ कसली," चारू म्हणाली, "माझ्या मागे. एकाही फोटोत पूर्ण नाही बाई."
सगळे हसले. मीही. खरंच आहे ते.
मग छत्रीचं गाणं घेतलं. त्यात शेवटच्या फेरीला सु. एक मात्रा आधी शिरते. स्टुडिओची वेळ संपत आली होती म्हणून चूक तशीच राहिली. पुढे ऑर्केस्ट्रावाले, गणपती मंडळं, सगळे चुकीसकटच गायला लागले.
आज आर्या बरोबर मात्रेवर शिरली. जिना उतरताना पायरी नसावी तसं झालं.

६ नोव्हें.
झोप नाही.
कोणाला सांगितलेलं नाही, पण तिघी एकत्र गातात तेव्हा मला सु.चा आवाज वेगळा काढता येत नाही. कधीच आला नाही. त्या एका मात्रेत मात्र दुसरं कोणी नाही. तेवढी एकच जागा

निनादला फोन केला. म्हटलं, ती चूक राहू द्या. तो म्हणाला, "काका, मला चालेल, ट्रॅक बदलता येईल. पण चारूमावशी म्हणतात काकूंनाच ती नको होती. तुम्ही सांगाल तसं करतो."
हेही खोटं नाही. कुठेही ते गाणं लागलं, रिक्षात, कोणाच्या हळदीला, की सु. तोंड फिरवायची. खिडकी असेल तर खिडकीकडे. आणि दर दिवाळीला फराळाला आल्यावर चारूचा टोमणा ठरलेला: "आल्या बघा आमच्या घाईघाई." सु. नुसती चिवड्याची बशी तिच्यापुढे करायची.
तिला नको होतं ते मी तिच्या नावाने ठेवायला सांगतोय का?

९ नोव्हें., रविवार
चारू घरी आली. वालाचं बिरडं आणलं होतं. फ्रिज उघडून मला बोलली, काय ही दशा. मग मुद्द्यावर. ती गेली, आता तरी तिची चूक सुधारू द्या.
मी म्हटलं, मला ती हवी आहे. तिच्यासमोर 'मला हवं' असं बहुतेक पहिल्यांदाच म्हणालो.
बराच वेळ डब्याचं झाकण लावत बसली. ते बसत नव्हतं.
"भावोजी, तिघींना एकच माइक असायचा. कधी शिरायचं ते मी कोपराने सांगायचे. रेकॉर्डिंगच्या दिवशी कागद सावरताना कोपर लागलं तिला."
मी डबा तिच्या हातातून घेतला.
"सांगायचं होतं तिला. राहून गेलं."
चहा गार झाला होता. पुन्हा गरम करून दिला. खाली रिक्षापर्यंत सोडून आलो.
जिना चढताना लक्षात आलं. सांगायचं काय राहिलं होतं? कोपर सु.लाच तर लागलं होतं.

१२ नोव्हें.
काही नाही. बिरडं संपलं. डबा घासून ठेवला.

१६ नोव्हें., रविवार
मुलुंडला रंगीत तालीम, ओळखीच्या लोकांसमोर. निनादने आजच्यापुरतं सुधारलेलंच ठेवलं होतं. बघा आणि मग सांगा, म्हणाला. चारू माझ्या शेजारी.
छत्रीच्या गाण्याला लोक सुरुवातीपासून गात होते. शेवटच्या फेरीला आर्या थांबली आणि अर्धं थिएटर एक मात्रा आधी शिरलं. मग हशा. आर्याही गोंधळून हसली.
चारू हसली नाही. खुर्चीच्या मधल्या हातावर तिचं कोपर होतं, ते तिने उचलून मांडीवर घेतलं.
म्हणजे सु.ला सगळी वर्षं माहीत होतं. चिवड्याची बशी पुढे करतानासुद्धा. मग खिडकीकडे तोंड करून ती काय करत असेल? मला वाटायचं, लाज. मला दिसायची ती मान आणि केसातला चाप. पुढे वाकून एकदा बघायला काय झालं होतं? रडत असेल, नाहीतर हसतसुद्धा
निनाद दाराशी थांबला होता. "काय करू काका?" उद्या सांगतो म्हटलं.

१७ नोव्हें.
निनादचा फोन येऊन गेला. मी पाणी पीत होतो.