सकाळचा दाब

पेठ वडगाव,
१२ जानेवारी २०२५

ती. विठाअक्कास,
धाकट्या जोतीरामचा शि. सा. न. वि. वि. फोनवर तुला ऐकू येत न्हाय, म्हणून मोठ्या अक्षरात लिहितोय. घाबरू नकोस. मला काचबिंदू झालाय.

चष्म्याचा नंबर काढायला कोल्हापूरला गेलतो. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याचा दाब मोजला. सतरा, म्हणजे ठीक. पण आतली नस त्यांनी दोनदा बघितली. म्हणाल्या, नस वाळत चाललीय आणि दाब बरोबर, हे जुळत नाही. उद्या सकाळी सातला या. दुसऱ्या दिवशी दर तीन तासांनी मोजला. सातला एकतीस, दहाला पंचवीस, दुपारी एकला अठरा! शाळेची पोरं गाडीनं पोचवून मी कायम दुपारीच डोळे दाखवायला जायचो की. रोज सकाळी डोळ्यात पूर चढायचा, दुपारी उतरायचा, आणि मला थांगपत्ता न्हाय.

मग एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवलं. आत बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. मला वाटलं, एकबी सोडला न्हाय. कागद बाहेर आला, तर डाव्या डोळ्याचा निम्मा भाग काळा. उजव्याचीबी कड गेलेली. मी विचारलं, मग मला काळं का दिसत न्हाय? बाई म्हणाल्या, आजूबाजूचं बघून मन ती जागा भरून घेतं. अक्का, रस्त्याकडेचं किती मी खरं बघितलं आणि किती मनानं रचलं, देव जाणे. तसल्या डोळ्यांनी मी चौदा पोरं बसवून हातकणंगल्यापर्यंत गाडी हाकत होतो. त्याच दिवशी किल्ली आमच्या पोराच्या, अमरसिंहाच्या हातात दिली. गेलेली नजर परत येत न्हाय, राहिलेली थेंबांनी राखायची.

हे रक्तातनं येतं म्हणे. भावंडांनी तपासून घ्यायलाच पाहिजे. तू जा.
तुझा, जोतीराम


नेसरी,
२१ जानेवारी

चि. जोतीरामास अनेक आशीर्वाद.
पत्र दोनदा वाचलं. किल्ली दिलीस ते लई शहाणपणाचं केलंस.
माझं म्हणशील तर सदुसष्टाव्या वर्षी सुईत दोरा ओवते, तांदळातला खडा वेचते. तूच ल्हानपणापासनं धडपड्या. गडहिंग्लजला जायचं म्हंजे दिवस मोडतो. तुझ्या दाजींना म्हैस कासेला हात लावू देत न्हाय, धार कोण काढणार? थेंब चुकवू नको.
तुझी अक्का


पेठ वडगाव,
२८ जानेवारी

ती. अक्कास सा. न.
सुईत दोरा मीबी ओवतो. हा रोग आधी कडा खातो, मधलं शेवटाला. शुक्रवारी एसटीनं मुक्कामाला येतोय. शनिवारी धार मी काढतो. लाथ बसली तर बसली. तू पहिल्या गाडीनं जा, दुपार करू नकोस.
जोतीराम


नेसरी,
१० फेब्रुवारी

चि. जोतीरामास अनेक आशीर्वाद.
शनिवारी दवाखान्यातनं येऊन तुला सांगितलं तेवढंच, दाब सव्वीस आन् काचबिंदूची सुरवात. बाकीचं तोंडानं बोलवंना, म्हणून लिहिते.

माझ्या कागदावर एकच कोपरा काळपट हाय. डॉक्टर म्हणाले, वेळेत आला, थेंब घातले तर नजर जन्मभर पुरंल. मग त्यांनी विचारलं, घरात आधी कुणाला होतं का? मी आपल्या आबांचं नाव घेतलं आन् माझ्या लग्नाचा दिवस डोळ्यापुढं आला.

माझ्या लग्नात तू नऊ वर्षांचा, तुला आठवत नसंल. पाठवणीच्या वेळी मी आबांच्या बाजूला जाऊन उभी राहिले. रडू फुटलेलं, तोंडातनं हाक निघंना. आबा समोर बघत राहिले, मान वळवली न्हाय. मला वाटलं, बापाला लेक नकोशी झाली. सत्तेचाळीस वर्षं कुणाजवळ बोलले न्हाय. पुढं ते पुरते आंधळे झाले, आपण म्हातारपण म्हणून सोडून दिलं.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आता खात्रीनं सांगता येणार नाही, पण तेव्हाच कड गेलेली असू शकते. जोती, मी हातभर अंतरावर उभी होते आन् आबांना तिथं नुसता मांडव दिसत असंल. त्यांनाबी ते ठाऊक नसंल. एवढ्याशा डोळ्यात केवढं दडलेलं असतं रे!

तुझ्या सुनेला आशीर्वाद. अमरसिंहाचेबी डोळे तपासून घे, सकाळीच. माया हाय तशीच असू दे.
आबांची लेक, विठा